रोजचा एक तास : मंडालेहून इगतपुरीला आलेली विद्या

मराठी वाचकाला मंडाले हे शहर दोन कारणांनी ठाऊक असते. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात तिथल्या तुरुंगात होते आणि 'गीतारहस्य' त्यांनी तिथेच लिहिले. दुसरे कारण म्हणजे थिबा राजा. मंडालेच्या गादीवरचा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केला, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून नजरकैदेत ठेवला, आणि १९१६ मध्ये तिथेच त्याचा अंत झाला. रत्नागिरीला गेलेला पाहुणा आजही थिबा पॅलेस पाहून येतो. पण मंडालेशी महाराष्ट्राचे तिसरेही एक नाते आहे. रोज ठरल्या वेळी डोळे मिटून बसायचे आणि स्वतःच्या श्वासाकडे व शरीराकडे नुसते पाहत राहायचे, ही जी साधना आज विपश्यना या नावाने घरोघरी पोचली आहे, ती या राजाच्या पाडावानंतरच्या घालमेलीत साध्या गृहस्थांच्या हाती आली. मंडालेतच जन्मलेल्या एका व्यापाऱ्याने पुढे ती इगतपुरीला आणली.

ध्यानाची सवय कशी लावावी यावर आज पुष्कळ सल्ले मिळतात. त्यांत उपयोगी असे थोडेफार असतेही. परंतु एखादी सवय शंभरहून अधिक वर्षे पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकली हे पाहायला मिळणे दुर्मीळ, आणि विपश्यनेच्या या शाखेत ते पाहायला मिळते. या साखळीतला एकजण भातशेती करणारा, दुसरा सरकारी हिशेबनीस, तिसरा कारखानदार. तिघांनाही घर होते, पोराबाळांची काळजी होती, सकाळी उठून कामाला जायचे होते. तरीही तिघे रोज बसले. ध्यान हे संसार सोडलेल्यांचे काम, ही आपल्याकडची जुनी समजूत त्यांच्या आयुष्यांनी खोटी ठरवली, आणि म्हणूनच मला त्यांची कथा कोणत्याही सल्ल्यापेक्षा मोलाची वाटते.

सुरुवात एका भिक्षूपासून होते. लेडी सयाडो (१८४६–१९२३) हे पाली भाषेचे मोठे पंडित. मंडालेत शिकलेले आणि तिथे शिकवलेले. बौद्ध देशात राजा हा धर्माचा आधार मानला जाई. राजाच गेल्यावर विहारांना, पाठशाळांना कोण सांभाळणार, धर्म टिकणार कसा, ही भीती तेव्हा साऱ्या ब्रह्मदेशात पसरली होती. लेडी सयाडोंनी त्यावर काढलेला मार्ग धाडसाचा होता. राजा धर्म राखू शकत नसेल तर प्रत्येक घराने तो राखावा. त्यांनी कठीण पाली शास्त्र सोप्या बर्मी भाषेत लिहिले, गावोगाव फिरून मंडळे स्थापली, आणि सांगितले की ध्यानासाठी अरण्यात जायची किंवा आधी गाढ समाधीची सिद्धी मिळवायची गरज नाही. कामधंदा करणारा माणूसही चित्ताच्या बेताच्या एकाग्रतेवर विपश्यनेला लागू शकतो. त्याआधी ध्यान हा भिक्षूंमध्येही फार थोड्यांचा विषय होता. जगात आज नोकरदार माणसे सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी ध्यानाला बसतात, त्यामागे ज्या थोड्या लोकांचे ऋण आहे त्यांत लेडी सयाडोंचे नाव फार वर येईल.

त्यांनी शिकवण्याची जबाबदारी सोपवलेल्यांपैकी एक सया थेजी (१८७३–१९४५). रंगूनच्या नदीपलीकडल्या एका खेड्यात भातशेती करणारा हा माणूस. पटकीच्या साथीत पोटची मुले गेली आणि मन कशातच लागेना, तेव्हा घरच्यांचा निरोप घेऊन तो गुरूच्या शोधात निघाला. वर्षानुवर्षे साधना करून परत आला, शेत घरच्यांनी सांभाळले, आणि त्याने गावातच लोकांना बसायला शिकवले. चीवर न घेतलेला शेतकरी ध्यान शिकवतो, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती. खुद्द भिक्षूही त्याच्याकडे शिकायला येत.

थेजींकडे १९३७ च्या जानेवारीत आलेला एक शिष्य म्हणजे ऊ बा खिन. मला या सगळ्या साखळीत सर्वांत अद्भुत वाटतो तो हा माणूस. जन्म रंगूनचा, १८९९ चा, गरीब घर, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून लागलेला. श्वासावर लक्ष ठेवण्याची रीत त्याला एका ओळखीच्या साधकाने सांगितली. घरी करून पाहिल्यावर मन इतके स्थिर झाले, की तो कचेरी सोडून तडक थेजींच्या गावी गेला आणि तिथे आठवडाभर बसला. त्यानंतर त्याने नोकरी सोडली नाही आणि साधनाही सोडली नाही. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ऊ बा खिन स्वतंत्र देशाचे पहिले अकाउंटंट जनरल झाले. १९५० मध्ये त्यांनी आपल्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांसाठी विपश्यना मंडळ काढले आणि १९५२ मध्ये रंगूनला आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र उभे केले. निवृत्तीचे वय झाल्यावरही सरकार त्यांना सोडेना. भ्रष्टाचार आणि ढिलाई यांनी पोखरलेली खाती त्यांच्याकडे दिली जात. एका काळात तर चार खात्यांची प्रमुखपदे एकाच वेळी त्यांच्याकडे होती. १९६७ पर्यंत ते सरकारी सेवेत राहिले. दिवसभर फायली, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी केंद्रावर शिकवणे, आणि या दोन्हींच्या आधी स्वतःची बैठक. 'वेळ मिळत नाही' असे म्हणणाऱ्याने हे चरित्र एकदा डोळ्यांसमोर आणावे.

१९५५ मध्ये त्यांच्याकडे एक तरुण मारवाडी उद्योगपती आला. सत्यनारायण गोएंका, जन्म ३० जानेवारी १९२४, मंडाले. व्यापारात नाव मिळवलेले, रंगूनच्या भारतीय समाजात मानाचे स्थान असलेले, पण अर्धशिशीने इतके पिडलेले की वेदना थांबवायला मॉर्फिनचे इंजेक्शन घ्यावे लागे. त्या औषधाचेच व्यसन लागेल असे डॉक्टरांनी बजावले. युरोप, अमेरिका, जपान इथले डॉक्टर झाले. गुण आला नाही. डोकेदुखी बरी व्हावी म्हणून आलो आहे, असे त्यांनी सांगताच ऊ बा खिन यांनी शिबिरात घ्यायला नकार दिला. धर्माची किंमत इतकी खाली आणू नका, मन शुद्ध करायचे असेल तर या, डोके त्याबरोबर बरे होईल तर होईल, असा त्यांचा पवित्रा होता. गोएंकांनी हे मान्य केले. पुढची चौदा वर्षे ते गुरूजवळ राहिले. अर्धशिशी गेली. मधल्या काळात ब्रह्मदेशात लष्करी राजवट आली, उद्योगधंद्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांचे कारखाने गेले. या माणसाने हाती आलेला मोकळा वेळ साधनेला आणि शिकण्याला दिला.

१९६९ च्या जूनमध्ये गोएंका भारतात आले ते आजारी आईसाठी. ३ जुलै रोजी मुंबईत एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले. साधक चौदा, त्यांत स्वतःचे आईवडील. पुढची काही वर्षे शिबिरे जागा मिळेल तिथे होत गेली : धर्मशाळा, मंगल कार्यालय, शाळा, मंदिर, मशीद, चर्च. मग इगतपुरीला जागा मिळाली आणि १९७६ पासून धम्मगिरीवर नियमित शिबिरे सुरू झाली. कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला टेकते तिथून हे केंद्र जवळच आहे. मागे सह्याद्रीचे कडे, पावसाळ्यात दिवसच्या दिवस धुके. मधोमध सोनेरी पॅगोडा, त्याच्या पोटात गोलाकार रांगांनी चारशेच्या आसपास शून्यागारे, म्हणजे एका माणसाने एकट्याने बसायच्या छोट्या खोल्या. आज जगभर अशी दोनशेहून अधिक केंद्रे आहेत, आणि ती सारी एकाच वेळापत्रकावर चालतात.

ते वेळापत्रक असे : पहाटे चारला घंटा, साडेचार ते साडेसहा ध्यान, मग न्याहारी, आठ ते अकरा ध्यान, अकराला जेवण, एक ते पाच पुन्हा ध्यान, पाचला चहा आणि थोडे फळ-कुरमुरे, सहा ते सात सामूहिक बैठक, सातला प्रवचन, त्यानंतर पुन्हा थोडे ध्यान आणि साडेनऊला दिवे बंद. दिवसाकाठी दहा तासांहून अधिक बैठक. शिबिर दहा दिवसांचे, आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन : बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, कोणाच्या डोळ्यांत पाहायचे नाही. फोन, पुस्तक, वही-पेन जमा. फी नाही. राहणे-जेवणे पूर्वीच्या साधकांच्या दानातून चालते, आणि दानही फक्त ज्याने एक तरी शिबिर पूर्ण केले आहे त्याच्याकडूनच घेतात. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो; ज्याने चाखलेच नाही त्याच्या पैशावर ही गोष्ट उभी नाही.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. नाकपुड्या आणि वरचा ओठ एवढ्या छोट्या जागेवर लक्ष ठेवायचे आणि आत येणारा, बाहेर जाणारा सहज श्वास जाणायचा. प्राणायाम नाही, जप नाही, मूर्ती नाही. श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. ऐकायला हे पोरखेळासारखे वाटते आणि बसल्यावर कळते की सलग दहा श्वासही मन टिकत नाही.

हे आपलेच दुबळेपण आहे असे नव्या साधकाला वाटते आणि तो खचतो. म्हणून दोन प्रयोग इथे सांगायलाच हवेत. २०१० मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी २,२५० माणसांना दिवसातून अवचित वेळी आयफोनवर विचारले : या क्षणी काय करता आहात, आणि मन त्यात आहे की दुसरीकडे? जागेपणीच्या ४७ टक्के वेळी मन हातातल्या कामात नव्हते. आणि मन भटकत असताना माणसे कमी सुखी होती. रमणीय कल्पनेत रमलेले मनही हातच्या कामात असलेल्या मनाहून अधिक सुखी नव्हते. दुसरा प्रयोग २०१४ चा, टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांचा. माणसाला रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटे एकटे बसवले. करायला काही नाही, फक्त एक बटण, दाबले तर विजेचा सौम्य झटका. हा झटका टाळण्यासाठी पैसेही देऊ, असे आधी म्हणालेल्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणींनी त्या पंधरा मिनिटांत निदान एकदा स्वतःला झटका देऊन घेतला. स्वतःच्या मनासोबत नुसते बसणे माणसाला इतके अवघड आहे. पहिल्या दिवशी श्वास हातातून निसटतो त्यात कोणाचा दोष नाही. मेंदूची रीतच ती आहे. काम नसताना मेंदूचे काही भाग उलट अधिक जागे होतात, हे मार्कस रेशल यांनी २००१ मध्ये दाखवले, आणि त्या जाळ्याला आज मेंदूशास्त्रात स्वतंत्र नाव आहे.

मन गेले, हे कळणे आणि त्याला रागावल्याशिवाय श्वासावर परत आणणे. सारा अभ्यास एवढाच. ते शंभरदा गेले तर शंभरदा आणायचे, आणि ते आणणे हेच ध्यान. अशांत बैठक वाया गेली असे या परंपरेत कोणी मानत नाही.

चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. धारदार झालेले लक्ष टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत आणि पुन्हा वर, अंगाच्या प्रत्येक भागातून फिरवायचे आणि तिथे जे जाणवेल ते पाहायचे : खाज, उष्णता, जडपणा, कळ, झिणझिणी, सूक्ष्म स्पंदन. सुखद संवेदनेला धरून ठेवायचे नाही, दुखऱ्या संवेदनेला ढकलायचे नाही. सामूहिक बैठकीत आता अधिष्ठान, म्हणजे तासभर हात-पाय-डोळे न हलवण्याचा निश्चय. गुडघ्यातली कळ वाढत जाते, असह्य होते, आणि पाहता पाहता ओसरते. अनित्य हा शब्द आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. तो गुडघ्यातून कळणे वेगळे. या पद्धतीचा मूळ सिद्धांत असा, की राग किंवा भीती आली की शरीरावर काहीतरी जाणवतेच, आणि आपण खरी झुंज बाहेरच्या माणसाशी घेत नसून त्या आतल्या जाणवण्याशी घेत असतो. ते जाणवताच थांबता आले, तर तोंडातून निघणारा शब्द बदलतो. मनाची शांती म्हणून ज्याला म्हणतात तिचा आरंभ मला या एवढ्याशा थांबण्यात दिसतो.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याची साधना होते, मौन सुटते, आणि अकराव्या सकाळी माणूस घरी निघतो. घरी दोन दिवस सगळे हलके हलके असते. मग गॅस संपतो, मुलाची परीक्षा येते, साहेबाचा फोन येतो.

परंपरेची खरी परीक्षा इथे आहे, आणि तिने या ठिकाणी स्पष्ट सूचना दिली आहे. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे आणि जाग आल्यावर पाच मिनिटे अंथरुणातच सजग राहायचे. आठवड्यातून एकदा इतर साधकांबरोबर सामूहिक साधना, आणि वर्षातून एकदा दहा दिवसांचे शिबिर. दोन तास हे ऐकून कल्याणहून लोकल पकडणारा माणूस हबकतो. पण ही सूचना देणारे गोएंका, आणि त्यांना ती देणारे ऊ बा खिन, दोघेही कामाने गळ्यापर्यंत भरलेले होते. ध्यान नियमित होऊ लागले की निर्णय लवकर होतात, चिडण्यात आणि पुन्हा जुळवून घेण्यात जाणारा वेळ वाचतो, असे जुने साधक सांगतात. मला ते पटते.

तरीही शिबिर करून आलेले कित्येकजण काही महिन्यांत थांबतात, आणि जे शिबिराला गेलेच नाहीत त्यांचा प्रश्न तर त्याहून आधीचा : दहा मिनिटेसुद्धा रोजची कशी करायची? इथे सवयीवरचे संशोधन उपयोगी पडते. २१ दिवसांत सवय लागते हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे, आणि तिथे विषय सवयीचा नव्हताच. शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा आपलासा वाटायला निदान २१ दिवस लागतात, एवढेच त्यांचे निरीक्षण होते. सवयीचे मोजमाप लंडनच्या फिलिपा लॅली यांनी केले. ९६ जणांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांतली एक छोटी गोष्ट निवडली आणि ती रोज एकाच खुणेला जोडून केली, जसे न्याहारीनंतर किंवा रात्रीच्या जेवणाआधी. ती आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. त्यातली मला सर्वांत दिलासा देणारी बाब अशी, की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय घडण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

म्हणजे खूण महत्त्वाची. 'रोज ध्यान करीन' हा संकल्प कच्चा असतो, कारण त्याला दिवसात जागा नसते. 'दात घासून झाले की चहाच्या आधी, खिडकीजवळच्या आसनावर' हा संकल्प टिकतो. आपल्या घरांना ही गोष्ट नवी नाही. वारकऱ्याचा हरिपाठ, आजीची जपमाळ, दिवेलागणीची शुभंकरोती, हे सगळे दिवसातल्या ठरल्या खुंटीला टांगलेले नेम होते. आज दिवेलागणीची वेळ टीव्हीने आणि फोनने घेतली असली तरी ती खुंटी घरात आहे, आणि ज्यांच्या घरी संध्याकाळी देवापाशी दिवा लागतो त्यांनी तिथूनच उठून शेजारी दहा मिनिटे बसावे. सकाळी बसणाऱ्याने घर जागे होण्याआधीची वेळ पकडावी. चाळीतल्या एका खोलीत किंवा टू-बीएचकेमध्ये सासू-सासरे, मुले असताना स्वतंत्र खोली मिळत नाही; मिळते ती वेळ. घरच्यांना सांगून बसावे. लपून केलेला नेम पहिल्या पाहुण्यालाच मोडतो.

बसण्याचे म्हणाल तर जमिनीवर मांडी घालणे बंधनकारक नाही. गुडघे दुखतात त्याने खुर्चीवर बसावे. इगतपुरीलाही ध्यानकक्षात खुर्च्या असतात. पाठ आणि मान सरळ, पण ताठरपणा नको. पोट भरलेले नसावे. फोन दुसऱ्या खोलीत, आणि वेळ कळण्यासाठी साधे घड्याळ. आरंभी दहा मिनिटे आनापान पुरे. महिनाभर वेळ वाढवू नये, मन कितीही उत्साहात असले तरी. आधी जागा आणि वेळ पक्की होऊ द्यावी. मग पंधरा, मग वीस. जिला पूर्ण विपश्यना शिकायची आहे तिने ती शिबिरातच शिकावी. शरीरभर लक्ष फिरवण्याची साधना पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून सुरू करू नये, हा केंद्रांचा आग्रह योग्य आहे, कारण दबलेले काही वर आले तर जवळ जाणता माणूस हवा.

संगतीचे बळ याहून वेगळे आहे. एकटा बसणारा दहाव्या मिनिटाला उठतो, तोच माणूस वीस जणांत तासभर बसतो. या सामूहिक बसण्यासाठी गोएंकांनी मुंबईजवळ गोराईला जी वास्तू उभारली ती आधुनिक भारतातले एक आश्चर्यच आहे. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या घाटावर बांधलेल्या या विश्व विपश्यना पॅगोडाची उंची सुमारे ९९ मीटर. आतला घुमट सुमारे ८५ मीटर व्यासाचा, आणि त्याला मध्ये एकही खांब नाही; एकमेकांत अडकणारे जोधपुरी दगड स्वतःचाच भार तोलून उभे आहेत. विजापूरचा गोलघुमट ज्यांनी पाहिला आहे त्यांनी त्याच्या जवळपास दुप्पट रुंदीची कल्पना करावी. आठ हजारांवर माणसे इथे एकत्र बसू शकतात. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ब्रह्मदेशाने ही विद्या शतकानुशतके जपून भारताला परत दिली, त्या ऋणाची ही पोच, अशी गोएंकांची भावना होती.

ध्यानाने काय होते, याबद्दल मात्र जपून बोलावे. २०१४ मध्ये माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसे यांचा एकत्र आढावा घेतला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने बेताचा पण खरा फरक पडतो, असे दिसले. व्यायाम किंवा औषध यांच्यापेक्षा ते सरस आहे असे दिसले नाही. मेंदूची जाडी वाढते या दाव्याला २००५ च्या सारा लाझार यांच्या अभ्यासाने बळ दिले होते, पण २०२२ मध्ये आठ आठवड्यांच्या ध्यानक्रमावरच्या मोठ्या तपासणीत मेंदूच्या रचनेत फरक आढळला नाही. म्हणून मेंदू बदलण्यासाठी बसू नये. आणि ज्यांना तीव्र मानसिक आजार आहे किंवा होता, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दहा दिवसांचे मौन शिबिर करू नये, गोळ्या तर मुळीच थांबवू नयेत. शिबिराच्या अर्जात याबद्दल विचारतात; तिथे खरे लिहावे. दीर्घ ध्यानाने काही माणसांना त्रास होतो हे सत्य आहे आणि ते सांगितल्याने ध्यानाचे काही उणे होत नाही.

दुसरीकडे, ही साधना कुठवर जाऊ शकते तेही पाहण्यासारखे आहे. १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्यांसाठी शिबिर झाले. १९९४ च्या एप्रिलमध्ये तिहारला, किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना, हजारावर कैदी एकाच शिबिरात बसले. महाराष्ट्रातल्या शाळांत 'मित्र' उपक्रमाखाली मुले रोज दहा मिनिटे आनापान करतात. वर्ग भरण्याआधीचे ते दहा मिनिटांचे बसणे मुलाला पुढे आयुष्यभर आठवणारी गोष्ट ठरू शकते, आणि ज्या शिक्षकांनी ते मनापासून चालवले त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना शिबिरासाठी रजेची सवलतही आहे. ऊ बा खिन यांनी कचेरीत मंडळ काढले त्याला पाऊणशे वर्षे होत असताना सरकारी नोकराला ध्यानासाठी रजा मिळावी, ही या परंपरेला साजेशी गोष्ट आहे.

खंड सगळ्यांच्या नेमात पडतो. लग्नसराई, गणपती, बाळंतपण, घरातले आजारपण, बदली. दोन महिने बैठक झाली नाही की माणूस स्वतःलाच तोंड दाखवायला कचरतो आणि तिथून तिसरा, चौथा महिना जातो. परंपरेला हे ठाऊक आहे, म्हणून जुन्या साधकांसाठी एक दिवसाची आणि तीन दिवसांची शिबिरे ठेवलेली असतात. त्यांत कोणी हजेरीचा हिशेब मागत नाही. ज्याने एकही शिबिर केलेले नाही त्याने आपल्या जुन्या जागी, जुन्या खुणेला, पुन्हा दहाच मिनिटांपासून सुरुवात करावी, थांबला तेव्हा भले चाळीस मिनिटे बसत असला तरी. मुंबईच्या जुन्या साधकाला गोराई आहेच : बोरिवलीहून खाडीवर यावे, बोटीने पलीकडे जावे, घुमटाखाली इतरांबरोबर दिवसभर बसावे आणि संध्याकाळच्या बोटीने घरी परतून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचा गजर लावावा.